यार्डातला माल आणि यार्डातला माणूस

खानदेशातील कोणतेही दैनिक उघडावे, 'यार्ड' हा शब्द त्यात भेटल्यावाचून राहत नाही. मार्केट यार्डात ज्वारी-मक्याची आवक वाढलेली असते, भुसावळच्या रेल्वे यार्डात काही बिघाड झालेला असतो, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा यार्डात किती दिवसांचा साठा उरला याची चर्चा चाललेली असते. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो परका आहे याची आठवण वर्षातून एकदाच, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी होते. त्या दिवशी व्यासपीठावरून कोणी तरी कळकळीने सांगते की 'यार्ड' म्हणू नका, 'आवार' म्हणा. टाळ्या पडतात, सभा संपते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हमाल पुन्हा यार्डाचीच वाट धरतो.

या सूचनेला आमचा विरोध नाही. 'आवार' हा शब्द चांगला आहे. सरकारी मराठीतही 'मुख्य बाजार आवार' आणि 'उपबाजार आवार' हे शब्दप्रयोग रुळलेले आहेत. आमचे भांडण वेगळे आहे. शब्द कोणाचा, या वादात आपण इतके रमतो की त्या शब्दाच्या आत कोण उभे आहे, हे पाहायचे राहून जाते. यार्ड म्हणजे श्रमाभोवती घातलेले कुंपण होय. परंतु गेली दीडशे वर्षे आपण ते केवळ मालाभोवतीचे कुंपण मानत आलो. कायदे त्याच समजुतीवर झाले, हिशेब त्याच समजुतीवर लिहिले गेले, आणि यार्ड राखावे की मोडावे हा आजचा वादही त्याच समजुतीवर चालला आहे. ही समजूत चुकीची आहे, एवढेच आम्हांला जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या दाखल्याने सांगायचे आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजीत आज एकसारखे दिसणारे 'यार्ड' हे मुळात दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ कुंपणाने वेढलेली जागा. इंग्रजीतील 'गार्डन' हा त्याचाच आप्त. दुसऱ्याचा अर्थ काठी. गलबताच्या डोलकाठीवर शीड बांधण्यासाठी जो आडवा वासा असतो, त्याला याच अर्थाने यार्ड म्हणतात, आणि छत्तीस इंचांच्या मापालाही याच काठीवरून ते नाव मिळाले. काळाच्या ओघात दोन्ही शब्द झिजून एकच उच्चार उरला. मराठीने मात्र हे दोन अर्थ एकमेकांत मिसळू दिले नाहीत. मापाच्या यार्डाला आपण 'वार' म्हटले, जागेच्या यार्डाला 'यार्ड'च राहू दिले. पोर्तुगीज भाषेतील 'व्हारा' या शब्दाचाही अर्थ काठी आणि लांबीचे माप असाच आहे, हे वसईकडच्या वाचकांना विशेष रंजक वाटेल. वजनमापांचा नवा कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, कापडाच्या दुकानातून वाराची पट्टी गेली. तरीही नऊवारी लुगडे नऊवारीच राहिले. ते भरते सुमारे सव्वाआठ मीटर. पण सव्वाआठ मीटरी लुगडे कोणी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे दोन शब्द कुळाने भिन्न असले तरी कामाच्या जागी ते पुन्हा एकत्र येतात. ज्याला ज्याला आपण यार्ड म्हणतो, तेथे एक कुंपण असते आणि एक माप असते. मार्केट यार्डाला भिंत आहे आणि आत काटा आहे. रेल्वे यार्डाला हद्द आहे आणि वाघिणींची मोजदाद आहे. कोळसा यार्डात टनांचा हिशेब आहे. अडवणे आणि मोजणे ही यार्डाची दोन कामे. मग प्रश्न असा उभा राहतो की अडवायचे कोणाला, आणि मोजायचे काय?

आमच्या भाषेला अशा जागांसाठी शब्द नव्हते असे नाही. उलट ते विपुल होते, आणि त्यांतले बरेचसे कामावरून पडलेले होते. मळणी होते ते खळे. नंदुरबारकडे, म्हणजे १९९८ च्या जुलैपर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या भागात, ओली लाल मिरची जेथे पसरून वाळवतात, त्या मोकळ्या मैदानाला 'पथारी' म्हणतात. पसरणे हीच तेथली मुख्य क्रिया. रेल्वेने आलेला माल जेथे उतरतो तो 'मालधक्का'. लाकडे जेथे रचून ठेवतात ती 'वखार'. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी कामांची सारी मालिकाच आली आहे. तेथे जागा ओळखली जाते ती हातांनी चाललेल्या कामावरून. 'यार्ड' या शब्दात ही सोय नाही. त्याच्या आधी मालाचे किंवा गाडीचे नाव लावावे लागते: कोळसा यार्ड, भंगार यार्ड, रेल्वे यार्ड. तेथे काम काय चालते आणि ते कोण करते, हे त्या नावातून कळत नाही.

मात्र स्वभाषेच्या अभिमान्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. 'कोंडवाडा' हा शब्द शुद्ध मराठी आहे. चुकार जनावर अडवून दंड वसूल करण्याची जागा, असा त्याचा अर्थ. आणि शब्द देशी असल्यामुळे आत कोंडलेल्या जनावराला कमी तहान लागली असे कधी झाले नाही. 'पथारी' हाही मराठीच शब्द आहे. तेथे उन्हात बसून मिरचीची देठे खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग आणि डोळ्यांची चुरचुर त्या शब्दाच्या मराठीपणाने शमत नाही. वखार तर अधिकच बोलकी आहे. ज्या शब्दाने आपण लाकडांची जागा सांगतो, त्याच शब्दाने सुरतेच्या इंग्रजांच्या कोठीचाही उल्लेख करतो. तात्पर्य, शब्द बदलल्याने यार्डाचा न्याय बदलत नाही. भाषाशुद्धी हे चांगले काम असेल, पण ते न्यायाच्या कामाऐवजी केले जाऊ लागले की ती एक पळवाट ठरते.

आता खानदेशच्या इतिहासाकडे वळू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. खानदेशची काळी जमीन त्या कापसाची. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खानदेशातून पुढे गेले आणि भुसावळ हे जंक्शन घडू लागले. जळगावला कापसाची मोठी पेठ उभी राहिली. माल वाढला तशी भेसळही वाढली. रुईत सरकी, माती आणि पाणी मिसळण्याच्या तक्रारी विलायतेपर्यंत गेल्या, आणि मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्यासाठी खास कायदा झाला. कापूस निर्मळ राहावा म्हणून सरकार जागे झाले, हे योग्यच झाले. पण तो कापूस वेचणारी, वाहणारी, पिंजणारी, दाबणारी माणसे त्या कायद्याच्या नजरेत नव्हती.

पुढे जिन-प्रेस आले. खानदेशात आजही 'जिन' म्हटले की यंत्राबरोबर ते मोठे आवारच डोळ्यांपुढे येते: कापसाचे ढीग, सरकीचे ढीग, दाबलेल्या गाठी आणि त्यांच्या मधून डोक्यावर पाट्या घेऊन जाणाऱ्या बाया. १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे कामाला असतील, यंत्रशक्ती वापरली जात असेल आणि कारखाना वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालत असेल, तरच तो लागू होता. त्यात तरतूद होती ती मुख्यतः मुलांसाठी. जिनांचा हंगाम तो केवढा! कापूस आला की सुरू, संपला की बंद. त्यामुळे जेथे कामाचे तास सर्वांत लांब होते, तीच आवारे बहुधा कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिली. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारच्या आयोगाने कारखान्यांची चौकशी केली, तेव्हा खानदेशातील जिनांत हंगामात चालणाऱ्या अहोरात्र कामाचा विषय त्याच्यापुढे आला. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली ती १८९१ च्या दुरुस्तीने. कापसाच्या शुद्धतेची काळजी १८६३ ची, बायांच्या कामाच्या तासांची १८९१ ची. मधल्या अठ्ठावीस वर्षांत रुई स्वच्छ करणाऱ्या हातांचा विचार कोणी केला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मार्केट यार्ड आले ते यानंतर, आणि ते शेतकऱ्याच्या भल्यासाठी आले, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. त्यापूर्वीचा बाजार कसा होता? व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तिला 'हत्ता पद्धत' म्हणत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसत नसे. तोलताना कडता, म्हणजे वजनातली मनमानी घट. वर धर्मादाय, वाराई आणि अशाच नाना नावांनी कपात. हे थांबावे म्हणून मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला, १९३९ साली तो सर्व शेतमालासाठी व्यापक झाला, आणि स्वतंत्र महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम आला. उघडा लिलाव, तपासलेला काटा, परवानाधारक तोलणार, आणि लेखी हिशेबपट्टी या चार गोष्टींसाठी यार्डाची भिंत उभी राहिली. त्या भिंतीने शेतकऱ्याला साक्षीदार दिला. चोपड्याचा, अमळनेरचा, शिरपूरचा शेतकरी आपल्या दादर ज्वारीचा भाव चारचौघांत पुकारलेला ऐकू लागला, हा बदल लहान नव्हता.

पण याच यार्डात आणखी एक माणूस होता. गाडीतून पोते उतरवणारा, थप्पी लावणारा, काट्यावर चढवणारा, पुन्हा खरेदीदाराच्या ट्रकमध्ये भरणारा. त्याचा मालक कोण? शेतकरी म्हणे, मी नव्हे. अडत्या म्हणे, मी नव्हे. खरेदीदार म्हणे, मी तर माल घेतला, माणूस नव्हे. तिघांच्या मधून ओझे वाहणारा हमाल कोणाचाच नोकर नव्हता, म्हणून त्याला ना भविष्य निर्वाह निधी, ना रजा, ना अपघाताची भरपाई. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी अशा कष्टकऱ्यांना संघटित केले. त्या काळाच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती साधी आणि मोठी होती. मालक कोण या वादात न पडता नोंदणी एका मंडळाकडे करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही त्या मंडळात भरायची. आणि मंडळाने मजुरी, निधी, बोनस यांचा हिशेब कामगाराच्या नावे ठेवायचा. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याच्या माथ्याचे नाव प्रथमच कायद्याला मिळाले.

वाचकहो, या दोन सनांमधले अंतर मोजा. कापसाला संरक्षण देणारा कायदा १८६३ चा. कापसाचे ओझे वाहणाऱ्या, पण कोणा एका मालकाचा नसलेल्या माणसाला संरक्षण देणारा कायदा १९६९ चा. मध्ये एकशे सहा वर्षे गेली. यार्ड म्हणजे मालाची जागा, या समजुतीची ही किंमत आहे, आणि ती कोणी भरली हे वेगळे सांगायला नको.

ओझ्याचेही तसेच. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की प्रौढ पुरुषाकडूनही एका वेळी ५५ किलोपेक्षा अधिक ओझे उचलवून घेऊ नये. आपल्याकडे मात्र पोते क्विंटलचे, कारण व्यवहार क्विंटलचा. शंभर किलो हा आकडा हिशेबाला सोपा पडतो. तो पाठीला कसा पडतो हे कोणी विचारले नाही. क्विंटलचे पोते पाठीवर घेतलेली पिढी अजून हयात आहे आणि तिचे मणके त्याची साक्ष देतात. आता पन्नास किलोची पोती बरीच आली आहेत. तरी पन्नास किलोची शंभर पोती दिवसाकाठी हलवली की पाच टन होतात. यार्डाच्या काट्यावर त्या पाच टनांची नोंद होते, पण ती शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या नावे होते.

आणि यार्डात सर्वांत कमी दिसणारी कोण, तर लिलाव संपल्यावर ओटे झाडणारी, सांडलेले धान्य चाळणारी, मातेरे निवडणारी बाई. तिला कित्येकदा रोख मजुरी नसते. सांडलेल्यातून जे निघेल त्यात तिचा वाटा. हमालाचे नाव निदान कुठे तरी नोंदणीपुस्तकात सापडेल. हिचे कोठे शोधावे? ज्या जागेत एकेक किलोचा हिशेब लागतो, तेथे एक अख्खे माणूस बेहिशेबी राहते.

रेल्वेचे यार्ड पाहिले तर तेथेही हीच कथा, फक्त रुळांवरची. आशियातील मोठ्या यार्डांत भुसावळचे नाव घेतले जाते आणि त्याचा खानदेशाला सार्थ अभिमान आहे. नागपूरकडून येणारा मार्ग आणि खांडव्याकडून येणारा मार्ग येथे मिळतात. मालगाडी तोडायची, वाघिणी दिशेनुसार वेगळ्या करायच्या, नवी गाडी जोडायची, हे यार्डाचे जुने काम. शंटर, पॉइंट्समन, खलाशी अशा माणसांनी ऊन-पावसात, रात्रीबेरात्री, दोन डब्यांच्या मध्ये शिरून ते केले. १९८० नंतरच्या काळात रेल्वेने सुटी वाघीण भरण्याऐवजी अख्खी गाडी एकाच मालाने भरण्याचे धोरण धरले आणि देशभरच्या यार्डांतील जोडतोडीचे काम आटले. याला आधुनिकता म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. पण यार्ड किती वाघिणींचे, हे आपण अभिमानाने सांगतो. किती माणसांचे, हे सांगत नाही. १९७४ च्या मे महिन्यात देशव्यापी रेल्वे संप झाला, तेव्हा तीन आठवडे देशाला कळले की रुळांना गती माणसे देतात. त्यानंतर ते पुन्हा विसरले गेले.

आता यार्ड मोडा म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. बाजार समित्या ही कित्येक ठिकाणी पुढाऱ्यांची वतने झाली. शेतकऱ्यासाठी सावली आणि पाणी यांच्याआधी गाळ्यांची संकुले उभी राहिली. मोजक्या खरेदीदारांनी संगनमत केले की उघड्या लिलावाचाही देखावा होतो. म्हणून यार्डाबाहेर खरेदीची मुभा द्या, असा आग्रह सुरू झाला. महाराष्ट्राने खाजगी बाजार आणि थेट पणन यांना वाट दिली, २०१६ साली फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त केला. केंद्राने २०२० साली यार्डाबाहेरचा सारा प्रदेश 'व्यापार क्षेत्र' ठरवणारा कायदा केला आणि शेतकऱ्यांच्या प्रदीर्घ आंदोलनानंतर २०२१ साली तो मागे घेतला. या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले. हमालाचे, तोलणाराचे, झाडणाऱ्या बाईचे नाव किती जणांनी घेतले?

कुंपण नसलेला बाजार कसा असतो, हे पाहण्यासाठी जळगावकरांना दूर जावे लागत नाही. रावेर-यावलची केळी देशभर जाते, पण ती धान्यासारखी यार्डात येऊन ओट्यावर मांडली जात नाही. व्यापारी बागेत येतो, माणसे लावून घड कापतो, बांधावर ट्रक भरतो. भाव जाहीर होतात. पण जाहीर भाव एक आणि हाती पडणारा दुसरा, ही तक्रार हंगामागून हंगाम ऐकू येते, आणि शेतकऱ्याचे डोळे शेजारच्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे लागलेले असतात. यार्ड नाही म्हणून केळीउत्पादक मुक्त झाला, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. त्याचा साक्षीदार तेवढा गेला.

आणि बागेत घड कापणाऱ्या मजुराचे काय? त्याला ना यार्ड, ना दरवाजा, ना नोंद. २०२१ च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. तो धुळ्याकडून रावेरकडे निघाला होता. फळांवर बसून घरी परतणारे किमान पंधरा मजूर त्याखाली गेले. त्यांत स्त्रिया होत्या, लेकरे होती. फळाला गाडी होती, माणसाला नव्हती. म्हणून माणूस फळावर बसला. शोकसंदेश आले, मदत जाहीर झाली. परंतु आम्हांला विचारायचे आहे ते असे की त्या रात्री कोणती माणसे कोणाच्या कामावर होती, हे सांगणारा एखादा कागद कोठे होता? मालाची पावती असते. माणसांची नव्हती. कुंपण मोडण्याची भाषा करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये. भिंत पडली की तिच्याआड लपलेली लबाडी उघडी पडते हे खरे, पण तिच्या आधाराने उभा असलेला माणूसही उघडा पडतो.

येथे आमच्या वाचकांना परिचित असलेल्या एका दाखल्याची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. शुभवर्तमानात मत्तयाने नोंदवलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टान्त आपण दरवर्षी ऐकतो. इंग्रजीत त्या मळ्याच्या नावातही 'यार्ड' आहे. मराठी भाषांतरकारांनी 'मळा' हा शब्द योजला आणि कामाची जागा आपल्या ओळखीची केली. मळ्याचा धनी दिवसातून पुनःपुन्हा बाजारात जातो. दिवस मावळतीला आला तरी तेथे माणसे उभी असतात, कारण त्यांना कोणी कामावर बोलावलेले नसते. जळगाव-धुळ्याच्या चौकांत सकाळी डबा घेऊन उभे राहणारे मजूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटणार नाही. त्या धन्याने मजुरी देताना काठी कामाच्या तासांना लावली नाही. माणसाच्या गरजेला लावली. त्याचे माप व्यवहारात जसेच्या तसे उतरेल, असा आमचा भाबडा आग्रह नाही. पण माप कोणत्या टोकाकडून धरायचे, हे त्या दृष्टान्ताने एकदाचे सांगून ठेवले आहे.

म्हणून आमचे मागणे यार्ड राखण्याचेही नाही आणि मोडण्याचेही नाही. यार्ड ज्यांच्या कष्टाने चालते त्यांना त्याच्या व्याख्येत घ्या, एवढेच आहे. प्रत्येक बाजार आवारात दरफलकाशेजारी दुसरा एक फलक असावा. त्या दिवशी कामावर असलेल्या हमालांची, तोलणारांची आणि झाडणाऱ्या-चाळणाऱ्या बायांची नावे त्यावर असावीत. हिशेबपट्टीत हमाली आणि तोलाई कापली जाते, तशी ती कोणाला पोहोचली हेही लिहिले जावे. मातेरे निवडणारी बाई आणि पथारीवरची मिरची कामगार यांची माथाडी मंडळाकडे नोंदणी व्हावी. कायद्याच्या मथळ्यातील 'इतर श्रमजीवी' या शब्दांत त्यांना जागा नसेल तर ते शब्द तेथे कशासाठी आहेत? पन्नास किलोपेक्षा जड पोते यार्डाच्या दारातून आत येऊ देऊ नये. शौचालय, पिण्याचे पाणी आणि दुपारी पाठ टेकण्यापुरती सावली, यांसाठी पैसा नाही असे ज्या समितीला वाटते, तिने नवा गाळा बांधू नये. आणि ज्या व्यापाऱ्याला यार्डाबाहेर खरेदीची मुभा हवी, त्याने मालाच्या पावतीबरोबर मजुरांची यादी आणि त्यांच्या सुरक्षित परतीची जबाबदारीही आपल्याकडे घ्यावी. ज्याला कुंपणाबाहेर जायचे आहे, त्याने माणसाभोवतीचे कुंपण आपल्याबरोबर न्यावे.

यावर उत्तर मिळेल की एवढे केल्याने खर्च वाढेल आणि तो अखेर शेतकऱ्याच्या माथी बसेल. हे उत्तर आम्ही फार वर्षे ऐकत आलो आहोत. शेतकरी आणि हमाल यांना एकमेकांसमोर उभे केले की मधल्यांचा हिशेब कोणी विचारत नाही, हे त्यातले इंगित आहे. खानदेशात हमालाच्या घरी दोन एकर कोरडवाहू असते आणि शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा हंगामात हमाली करतो. ही दोन जगे नव्हेत. बहुधा ते एकच कुटुंब असते. त्यातील एकाचा भाव दुसऱ्याच्या पाठीतून काढावा लागत असेल, तर चूक काट्यात आहे, माणसांत नाही.

राहिला शब्द. 'यार्ड' म्हणा की 'आवार' म्हणा. भाषेच्या प्रेमिकांनी ते खुशाल ठरवावे. आम्ही त्यांच्यासमोर एकच अट ठेवतो. कमानीवरची पाटी बदलण्याआधी त्यांनी एकदा कमानीच्या आत जावे, आणि तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचे नाव विचारून ते नोंदवहीत लिहून घ्यावे. ती वही भरली की वरच्या पाटीवर कोणता शब्द लिहायचा याविषयी आमचे त्यांच्याशी भांडण उरणार नाही.